तोल लेव्हलला आणताना : अकूस्टिक न्यूरोमाच्या ऑपरेशनआधीच्या आणि नंतरच्या नोंदी

काम काय आहे

डाव्या कानाकडून ऐकण्याची आणि तोलाची खबर मेंदूकडे नेणाऱ्या आठव्या नसेवर गाठ आहे. कॅन्सर नाही, हळू वाढणारी आहे. डॉक्टर तोंडाने अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात आणि रिपोर्टवर व्हेस्टिब्युलर श्वानोमा लिहितात, दोन्ही एकच. एमआरआयवर माप २.६ सेंटिमीटर, ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला, टेकलेली. लहान गाठ असली तर नुसतं लक्ष ठेवतात किंवा गॅमा नाइफने रेडिएशन देतात. माझी टेकलेली, शिवाय डाव्या कानाने आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, म्हणून काढायचं ठरलं. ऑपरेशन पुण्यात, ऑक्टोबरमध्ये.

मी टर्नर, लेथ मशीनवर धातूचे जॉब फिरवून कातणारा. कुपवाड एमआयडीसीत दोन लेथ, एक भागीदार, जॉबवर्क. राहायला सांगलीत, विश्रामबागला. फिरत्या चकसमोर, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या भागासमोर, झोक गेला तर काय होतं ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. गाठ काढणं डॉक्टरांकडे, तोल परत आणणं माझ्याकडे, आणि या नोंदी तेवढ्याच कामाच्या. खर्च आणि फुकट गेलेला वेळही लिहितोय.

११ ऑगस्ट

मिरजेत कॅलोरिक चाचणी झाली, कानाचं तोलाचं काम किती उरलंय ते बघणारी. डोळ्यांवर कॅमेऱ्याचा गॉगल लावून प्रत्येक कानात आधी ३० अंशांचं आणि मग ४४ अंशांचं पाणी सोडतात. चांगल्या कानाला पाणी लागलं की जग गरगरतं आणि डोळे आपोआप हलतात, मशीन ते मोजतं. माझी डावी बाजू उजवीपेक्षा ४० टक्के कमी. खर्च ३,००० रुपये. जाताना रिकाम्या पोटी जा, मी पोहे खाऊन गेलो होतो आणि ते तिथेच राहिले.

मला वाटलं ४० टक्केच गेलंय, बरंच आहे की. डॉक्टरांनी उलटं सांगितलं. गाठ वर्षानुवर्षं नस दाबत असते, तशी मेंदू सवय करून घेतो. ज्यांची नस गाठीने आधीच पुरती मारलेली असते त्यांना ऑपरेशननंतर गरगर कमी होते. माझी बरीचशी जिवंत आहे, ती एका दिवसात कापली जाणार, म्हणजे पहिला आठवडा जड जाणार. "तुमच्याकडे दोन महिने आहेत. आत्तापासून व्यायाम चालू करा, नंतर शिकायला डोकं ताळ्यावर नसतं."

विचारून घेतलेली एक गोष्ट : काही ठिकाणी, मुख्यतः स्वीडनमध्ये, ऑपरेशनआधी पडद्यातून कानात जेंटामायसिनचं इंजेक्शन देऊन त्या बाजूचं उरलेलं तोलाचं काम मुद्दाम मंद करतात, मग व्यायामाने मेंदूला तयार करतात आणि नंतर ऑपरेशन. म्हणजे त्रास दोन हप्त्यांत वाटून घ्यायचा. आमच्या डॉक्टरांनी नको म्हटलं, नुसत्या व्यायामावर जाऊ. मीही आग्रह धरला नाही.

१४ ऑगस्ट

सांगलीतच फिजिओथेरपिस्ट मिळाल्या. तरुण आहेत, मला काका म्हणतात, पण सूट देत नाहीत. एका वेळचे ४०० रुपये.

त्यांनी पहिल्यांदा उभं करून बघितलं. पाय जोडून, डोळे उघडे : ठीक. डोळे मिटून : थोडा डुलतो. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, डोळे मिटून : तीन सेकंदांत डावीकडे. फोमवर पाय जोडून, डोळे मिटून : लगेच डावीकडे, त्यांनी खांद्याला धरलं.

मेंदूला तोलाची खबर तीन ठिकाणांहून मिळते : डोळे, तळपाय-घोटे आणि कान. डोळे मिटले की एक गेलं, फोमवर उभं राहिलं की दुसरंही फसवं झालं, उरला कान. म्हणून घरात डोळे उघडे ठेवून फरशीवर कितीही छान चाललो तरी त्याला काही किंमत नाही. अंधारात आणि मऊ जमिनीवर काय होतं तोच खरा आकडा.

१८ ऑगस्ट

फोमचा घोळ. क्लिनिकमधल्यासारखं बॅलन्स पॅड ऑनलाइन चार हजारांच्या पुढे दिसलं. म्हटलं घरचं काही चालवू.

आधी कापसाची गादी दुमडून. पहिल्या दिवशी बरी वाटली, चौथ्या दिवशी पायाखाली दबून फळी झाली. मग जुन्या सोफ्याचं कुशन. ते इतकं मऊ की पाय थेट खालच्या फरशीला टेकतो आणि घोट्याला फरशी कळते, म्हणजे फोम असून नसल्यासारखा. शेवटी गादीवाल्याकडून ४० डेन्सिटीचा, चार इंच जाडीचा, दीड फूट चौरस तुकडा कापून आणला. ४८० रुपये. उभं राहिल्यावर साधारण निम्मा दबतो, तळाला टेकत नाही. हे बरोबर. विकत घेताना दुकानातच चप्पल काढून उभं राहून बघा, गादीवाला हसतो, हसू दे.

जागा म्हणजे खोलीचा कोपरा. पाठ कोपऱ्याकडे, दोन्ही बाजूंना भिंत, पुढे खुर्ची. प्लास्टिकची खुर्ची कामाची नाही, धरायला गेलं की तीच सरकते. आईची जुनी सागवानी खुर्ची ठेवली.

२३ ऑगस्ट

डोळ्यांचा व्यायाम. भागीदाराच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने जाड "क" काढला. हात लांब करून कार्ड धरायचं, नजर "क" वर आणि डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. अक्षर पुसट व्हायच्या जरा अलीकडे जेवढा वेग असतो तेवढाच ठेवायचा. मग हेच वर-खाली. दिवसातून तीन वेळा, सगळं मिळून १२ मिनिटं तरी. ऐकायला पोरखेळ आहे. एका मिनिटात मळमळतं.

फिजिओ मॅडमचा नियम : व्यायामाने गरगर वाढलीच पाहिजे, पण पंधरा-वीस मिनिटांत खाली आली पाहिजे. अजिबात वाढली नाही तर व्यायाम सोपा आहे. दुपारपर्यंत राहिली तर जास्त झाला. मला हे लगेच पटलं. लेथवर कट घेतानाही असंच असतं, अगदी बारीक कटला टूल नुसतं घासतं आणि जास्त घेतला तर जॉब उडतो.

३० ऑगस्ट

प्रगती मोजायची कशी यावर बराच वेळ गेला. गच्चीवर खडूने मोठं वर्तुळ काढून कोनमापकासारखे अंश आखले. मध्ये उभं राहायचं, डोळे मिटायचे, हात पुढे, जागच्या जागी ५० पावलं. कमजोर कानाच्या बाजूला माणूस आपोआप वळतो. सोमवारी ५५ अंश, बुधवारी २०, शुक्रवारी ७०. मी आलेख काढायला बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "काका, हा आकडा रोज वेगळाच येतो, याच्या नादी लागू नका." खालून रिक्षा गेली की आवाजाच्या दिशेने माणूस वळतो हे नंतर लक्षात आलं. पावसाने खडू धुतला, परत आखला नाही.

त्याऐवजी दोनच मापं ठेवली. एक, टाच-बोट उभं राहून डोळे मिटून किती सेकंद. दोन, भिंतीवरचं कालनिर्णय. डोकं स्थिर ठेवून जेमतेम तिथीची ओळ वाचता येईल एवढ्या अंतरावर स्टूल पक्कं केलं, पायांच्या जागी फरशीवर टेप चिकटवली. मग मोबाइलवर मेट्रोनोम लावून त्याच्या ठोक्यावर डोकं हलवत वाचायचं. सध्या डोकं हलताना फक्त तारखेचे मोठे आकडे दिसतात, तिथी पुसते.

बायको बाजूला उभी असते. तिच्यासाठीही नियम निघाला. ती डावीकडे, अर्धं पाऊल मागे, हात तयार पण न लावता. पहिल्यांदा ती पाठीला बोट टेकवून उभी राहायची आणि माझे सेकंद दुप्पट यायचे. नुसतं बोट टेकलं तरी शरीराला तेवढा संदर्भ पुरतो. मापाच्या वेळी हात लावला तर ते माप फुकट.

८ सप्टेंबर

पाहुण्यांचा हंगाम. एकाने सांगितलं पित्त आहे, मोरावळा खा. दुसऱ्याच्या सासूला चक्कर यायची, तिला पलंगावर झोपवून डोकं एका बाजूला लटकवलं आणि एका दिवसात बरी झाली, तसं कर म्हणाला. ती एप्ली पद्धत, कानातले कण जागेवरून सरकतात त्या चक्करेवर चालते आणि खरंच चालते. गाठीवर तिचा काही उपयोग नाही. ऑपरेशन झाल्यावर कुणी प्रेमाने असं डोकं लटकवू नये म्हणून घरच्यांना आत्ताच सांगून ठेवलं.

२१ सप्टेंबर

घर तयार केलं. हे काम ऑपरेशनआधीच करा, नंतर ड्रिल मशीन हातात धरता येत नाही.

बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि बादलीच्या जागेवर स्टीलचे दोन बार, फिटिंगसह १,९०० रुपये. बार उभा लावायचा की आडवा यावर प्लंबरशी वाद झाला. उठायला आडवा, वळायला उभा, म्हणून एकेक तसा लावला. पलंगापासून बाथरूमपर्यंत सेन्सरचे दोन दिवे, माणूस हलला की लागणारे, ३५० रुपयाला एक. पायपुसणी, दारातला गालिचा, गॅलरीतली सैल फरशी सगळं काढलं. स्लिपर बंद. मागे पट्टा असलेली, पातळ आणि कडक तळाची सँडल आणली. जाड मऊ तळाचे बूट म्हणजे पायाला बांधलेला फोम.

४ ऑक्टोबर

आधीचं शेवटचं माप. टाच-बोट, डोळे मिटून : १४ सेकंद. कालनिर्णय : डोकं हलताना तिथी वाचता येते, नक्षत्र नाही. फोमवर डोळे मिटून : अर्धा मिनिट.

यातलं बरंचसं पुसलं जाणार हे मॅडमनी आधीच सांगितलं. "आकडे जातील, काका. काय करायचं ते पाठ राहील."

१० ऑक्टोबर, पुणे

परवा ऑपरेशन झालं. कानामागून, हाडातून वाट करून. या वाटेने जाताना आतला कान काढूनच टाकतात, त्यामुळे डाव्या बाजूचं ऐकणं कायमचं शून्य. बदल्यात मेंदू फारसा बाजूला ढकलावा लागत नाही आणि चेहऱ्याची नस लवकर सापडते. झालेली पोकळी पोटाची चरबी काढून भरतात, म्हणून पोटावरही टाके.

हे मी बोलून मुलीकडून लिहून घेतोय. डोळे उघडले की खोली उजवीकडे वाहते. पाणी प्यायलं तरी उलटी.

१२ ऑक्टोबर, पुणे

कामाची एक गोष्ट सापडली. डोळे उजवीकडे नेले की ते जास्त जोरात फडफडतात, डावीकडे, म्हणजे ऑपरेशनच्या बाजूला, नेले की कमी. डॉक्टर म्हणाले असंच असतं. म्हणून मुलीने मोबाइल आणि पाण्याची बाटली पलंगाच्या डाव्या बाजूला आणली आणि खिडकीच्या चौकटीवर एक स्क्रू बघून ठेवला. गरगर वाढली की नजर त्या स्क्रूवर. डोळे मिटून पडलं की वाईट, एका ठिकाणी खिळवलं की बरं. भेटायला येणारे उजवीकडे खुर्ची ओढून बसतात, त्यांना उठवून डावीकडे बसवायचं. तिकडून ऐकू येत नाही हे खरं, पण पहिले तीन दिवस ऐकण्यासारखं कुणी काही बोलतही नाही.

आज पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलो. पोटाच्या टाक्यांमुळे सरळ उठता येत नाही. उजव्या कुशीवर वळून, हाताने ढकलून उठायचं. नर्सने दोन्ही बाजूंनी धरून दारापर्यंत नेलं. शरीर सारखं डावीकडे ओढलं जातं.

चेहऱ्याची डावी बाजू ढिली आहे, डोळा पुरता मिटत नाही. कागदावर हाउस-ब्रॅकमन ग्रेड ४ लिहिलंय, १ म्हणजे नॉर्मल आणि ६ म्हणजे पूर्ण लुळं. नस अखंड आहे, हळूहळू येईल म्हणाले.

१७ ऑक्टोबर, सांगली

घरी. पुढच्या सीटवर, मानेला उशी, नजर लांब रस्त्यावर. खंबाटकीच्या वळणांवर एक उलटी, पेठ नाक्यावरून आत वळल्यावर खड्ड्यांत दुसरी. ड्रायव्हरला मोठ्या पिशव्या आधीच देऊन ठेवल्या होत्या.

डिस्चार्जच्या कागदावर : सहा आठवडे वजन उचलायचं नाही, कुंथायचं नाही, जोरात नाक शिंकरायचं नाही, कमरेतून वाकायचं नाही. नाकातून पाण्यासारखं, खारट काही ठिबकलं तर लगेच फोन, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. पोट साफ होण्याचं औषध म्हणूनच चालू. वाकायचं नाही म्हणजे जुन्या व्यायामातला खालची वस्तू उचलण्याचा भाग बंद. बाकी चालू.

१९ ऑक्टोबर

आकडे शून्य. टाच-बोट तर सोडाच, पाय जोडून डोळे उघडे ठेवूनही दहा सेकंद होईनात. व्हिजिटिंग कार्ड बसून धरलं, अगदी हळू हलवलं तरी "क" नाचतो.

पण पाठ होतं ते खरंच कामाला आलं. कोपरा कुठला, खुर्ची कुठे, बायको कुठे उभी राहणार, किती झालं की थांबायचं, यातलं काहीच नव्याने समजून घ्यावं लागलं नाही. शेजारच्या वॉर्डात अशाच ऑपरेशनचे एक गृहस्थ होते, त्यांना व्यायामाचा पहिला कागद डिस्चार्जच्या दिवशी मिळाला, आणि तेव्हा त्यांना कागदावरची अक्षरं दिसत नव्हती.

२५ ऑक्टोबर

आठवडा हलला नाही. कारण आज सापडलं. उलटी-गरगरीवरची प्रोक्लोरपेराझिनची गोळी कागदावर पाच दिवस लिहिलेली. ती संपल्यावर मेडिकलवाल्याने ओळखीने आणखी पट्टी दिली आणि घरच्यांनी काळजीने चालू ठेवली. बरं वाटायचं, झोप यायची. मॅडमनी पट्टी बघितली आणि लगेच पुण्याला फोन लावायला सांगितला. डॉक्टरांनी बंद केली. ही गोळी गरगरीची खबरच दाबते, आणि मेंदूला खबर मिळाली नाही तर तो दुरुस्ती कशाची करणार. पहिले काही दिवस ती लागतेच, पुढे ती आडवी येते. (नंतरची भर : बंद केल्यावर दोन दिवस वाईट गेले, तिसऱ्या दिवशी कार्डाचा वेग वाढला.)

दुसरा शोध मॅडमचाच. मी चालताना मान आखडून धरतो, वळायचं तर खांद्यांसकट सगळा माणूस वळतो. असं चाललं की गरगरत नाही, आणि म्हणूनच सुधारत नाही. आता हॉलमध्ये चालताना तीन पावलं डावीकडे बघून, तीन पावलं उजवीकडे बघून. मुलगी समोरून बोटं दाखवते, मी आकडा ओरडतो.

१ नोव्हेंबर

दिवाळी. फटाका कुठे फुटला ते कळत नाही, प्रत्येक आवाज उजवीकडचाच वाटतो. खाली गेलो नाही.

६ नोव्हेंबर

रात्री बाथरूमला जाताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. पडलो नाही, बार हातात आला. दिवे लागले होते तरी हे झालं. कारण डोळ्यातलं जेल. डावा डोळा मिटत नाही म्हणून रात्री जेल घालून टेप लावतात. टेप काढून उठलो तर त्या डोळ्याला सगळं धुक्यात. आधीच एका कानाचा आधार गेलेला, त्यात नजरही अर्धी. आता जेल झोपायच्या अगदी आधी, त्याच्याआधी बाथरूमला जाऊन यायचं, रात्री उठलो तर टेप तशीच ठेवून उजव्या डोळ्याने बघायचं आणि उठल्यावर कडेला बसून पूर्ण मिनिट थांबायचं. दिवसा थेंब दोन-दोन तासांनी, बाहेर बाजूने बंद असलेला गॉगल, १८० रुपये.

१९ नोव्हेंबर

आमराईत फिरायला सुरुवात. काठी ७०० रुपयांची, उजव्या हातात. सपाट वाटेवर ठीक. वाटेतून गवतावर उतरलं की डावीकडे झोक.

गणपती पेठेत गेलो आणि पाच मिनिटांत परत आलो. माणसं, हातगाड्या, लटकवलेल्या पिशव्या, सगळं एकदम हलतं. सध्या मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबतो, आणि डोळ्यांसमोर सगळंच हलत असेल तर तो फसतो. म्हणून कार्डाचा व्यायाम आता मोकळ्या भिंतीसमोर करायचा नाही. बायकोची चौकटीची चादर भिंतीवर लावली, तिच्यासमोर करायचा. दुसरा प्रकारही चालू केला, डोकं एकीकडे आणि कार्ड विरुद्ध दिशेला. पहिल्या दिवशी हे जमतच नाही, हात आणि डोकं एकाच बाजूला जातात.

बाजार एकदम सोडून द्यायचा नाही. सकाळी दुकानं उघडताना, मग जरा उशिरा, मग संध्याकाळी, असं गर्दीचं प्रमाण वाढवत न्यायचं.

३० नोव्हेंबर

टाच-बोट, डोळे मिटून ६ सेकंद. कालनिर्णयावर तारखेचे आकडे. ऑगस्टमध्ये जिथे होतो साधारण तिथे आलो. चेहरा ग्रेड ३, डोळा जोर लावून मिटतो. वाकायची परवानगी मिळाली, म्हणून खुर्चीवरून खालची वाटी उचलून वरच्या फळीवर ठेवणे परत चालू. त्याने दोन दिवस मळमळ.

१५ डिसेंबर

मेहुण्याचं शेत कसबे डिग्रजला. ऊस तुटून गेलेल्या रानात सरी आणि वरंब्यावरून चाललो, पाचट पसरलेलं. फोमपेक्षा कितीतरी अवघड, कारण इथे प्रत्येक पाऊल वेगळं. पाचटाखाली खड्डा आहे की ढेकूळ ते घोट्यालाच कळतं, डोळ्याला नाही. मेहुणा पुढे, मी मागे, काठी. दोनदा गुडघ्यावर बसलो, लागलं नाही. "दाजी, पडशीला, बांधावरनं चला की," म्हणत होता. त्याला म्हटलं, बांधावरनं चालायला मी घरीच बसलो असतो.

यायच्या वाटेवर धडा दुसराच. रस्त्याच्या डाव्या कडेने चालताना मागून उसाची ट्रॉली, टेपचा दणदणाट लावून, अगदी शेजारून गेली आणि ती नेमकी कुठून येतेय ते मला कळलंच नाही. एका कानाने दिशा कळत नाही, आणि हे व्यायामाने परत येत नाही. तोल आला तरी हे राहणार. म्हणून आता रस्त्याने उजव्या कडेनेच चालायचं. समोरून येणारी वाहनं डोळ्यांना दिसतात, आणि रहदारीच्या बाजूला ऐकू न येणारा कान असला तरी मागून येणारं वाहन पलीकडच्या कडेने जातं.

२ जानेवारी

कारखान्यात पाऊल. मशीन बंद ठेवून नुसतं उभं राहून पाहिलं. लेथसमोर पायाला आराम म्हणून टाकलेली जाड रबरी चटई पहिली काढली, त्याऐवजी लाकडी फळी. चटई इतकी वर्षं पायाखाली होती, ती मऊ आहे हे आज कळलं.

बंद लेथवर एक तास डायल, टूल, ड्रॉइंग, परत डायल, असं डोकं फिरवण्याची सवय केली. फुकटचा व्यायाम, आणि कार्डापेक्षा कंटाळा कमी.

९ जानेवारी

भागीदाराने मशीन चालवलं, मी शेजारी उभा. तीन जबड्यांचा चक कमी वेगात फिरताना नजर त्यावर टिकते आणि डोकं ओढलं जातं. वेग वाढला की तो एकसारखा राखाडी दिसतो आणि त्रास कमी. माझा अंदाज बरोबर उलटा होता, मी हळू वेगाने सुरुवात करणार होतो. आता नजर चकवर ठेवायची नाही, टूलच्या टोकावर. कूलंटची धार चमकते तीही त्रास देते, म्हणून दिवा फिरवून वरून घेतला.

हेडस्टॉक उभ्या माणसाच्या डाव्या हाताला येतं, म्हणजे माझा गेलेला कान नेमका गिअरकडे. गिअरचा आवाज बदलला, टूल थरथरायला लागलं, हे मला आधी आवाजावरून कळायचं. आता हात टूलपोस्टवर हलका ठेवून हाताने कळतं. तेवढ्यासाठी डोकं डावीकडे वळवून बघायची सवय लागली, तीही चालेल.

भागीदाराबरोबर ठरवलेले नियम कागदावर लिहून भिंतीला लावले. एकट्याने मशीन चालवायचं नाही. फिरत्या जॉबवर कानस किंवा एमरी धरायची नाही, त्यात हात चकजवळ जातो. माप घ्यायला वाकायचं तर मशीन पूर्ण थांबवून. गरगरलं तर आधी पायाचा ब्रेक, मग बाकीचं. संध्याकाळी पाचनंतर मी मशीनवर नाही, थकल्यावर सगळं महिनाभर मागे जातं.

१६ जानेवारी

सर्दी झाली. नाक वाहतंय म्हणून आधी घाबरलो, पण घट्ट आणि पिवळं, खारट पाणी नव्हे. पुण्याला फोन करून खात्री केली. तोल मात्र चार दिवस नोव्हेंबरसारखा. ताप, जागरण, प्रवास यांतलं काहीही झालं की असं होतं, बरं झालं की दोन-तीन दिवसांत परत जागेवर येतं. तेवढे दिवस व्यायाम निम्मा, बंद नाही.

२ फेब्रुवारी

टाच-बोट, डोळे मिटून २२ सेकंद, ऑपरेशनआधीपेक्षा जास्त. कालनिर्णयावर डोकं हलताना तिथी स्वच्छ, नक्षत्र अधूनमधून. फोमवर डोळे मिटून मिनिटभर. चेहरा ग्रेड २. सकाळची पाळी लेथवर, सोपे जॉब.

अजून न जमलेलं : गच्चीचा जिना अंधारात उतरणे, कठड्याशिवाय नाही. चालता चालता मागून कुणी डावीकडून हाक मारली की गिरकी घेतो आणि दोन पावलं झोक जातो.

खर्चाचा हिशेब. पुण्यातलं बिल मेडिक्लेमने बहुतेक भरलं, खिशातून सत्तर हजार. एमआरआय ९,५००. फिजिओला आधी-नंतर मिळून अठरा हजारांच्या आसपास. फोम, बार, दिवे, काठी, सँडल, गॉगल सगळं मिळून पाच हजारांत. भागीदाराने माझी मशीन तीन महिने रिकामी ठेवली नाही, रोजावर माणूस लावला, त्याचा पगार वेगळा. तोलाचं सामान या सगळ्यात सर्वांत स्वस्त निघालं.

१६ फेब्रुवारी

बाईक. डॉक्टरांनी होकार दिल्यावर मेहुण्याला मागे बसवून हरिपूर रस्त्यावर सकाळी चालवली. सरळ जाताना काही नाही. उजवीकडे वळायच्या आधी मागे बघायला मान वळवली की हँडल किंचित हलतं. दोन्ही आरसे मोठे बसवले, २६० रुपये, आणि आरशात बघायचं, मान वळवायची नाही असं करणार होतो. मॅडम म्हणाल्या आरसे ठेवा पण मानही वळवा, म्हणून बाईक स्टँडवर लावून, वर बसून, मागच्या भिंतीवरचा आकडा वाचणं हे आता रोजच्या यादीत आहे. रात्री चालवत नाही. पुढची एमआरआय ऑक्टोबरमध्ये, नोंदी तोवर महिन्यातून एकदा.